तरुण ताऱ्यांचे झोत आणि त्यांची बदलती रेडिओ चमक: सोलापुरातून सुरुवात कशी करावी

संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरलेली असते, तेव्हा रात्री नऊच्या सुमारास सोलापुरात मान वर केली की वृषभ रास थेट डोक्यावर असते. कृत्तिका आणि रोहिणी सगळ्यांना ओळखू येतात. रोहिणीच्या भोवती ताऱ्यांचा इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार दिसतो. त्याच्या दुसऱ्या टोकाच्या ताऱ्यापासून दीड-पावणेदोन अंश पश्चिमेला, साधारण दहाव्या प्रतीचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, लहान दुर्बिणीत दिसतो. हा टी टॉरी. जॉन रसेल हाइंड यांनी तो १८५२ मध्ये हेरला आणि पुढे अशा ताऱ्यांच्या अख्ख्या वर्गाला त्याचं नाव मिळालं. वयाने काही लाख ते काही दशलक्ष वर्षांचे, भोवती वायू-धुळीची तबकडी असलेले आणि त्या तबकडीतून पडणाऱ्या वस्तुमानातला काही भाग दोन्ही ध्रुवांकडून झोताच्या रूपात बाहेर फेकणारे हे तारे.

त्यांची रेडिओ चमक बदलते. ती कशी मोजायची आणि मुख्य म्हणजे ‘बदलली’ असं कधी म्हणायचं, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणि आकाशनिरीक्षण मंडळांतल्या नवख्यांना हाताशी असावं म्हणून हा लेख.

आधी ओळख: रेडिओ लहरी येतात कुठून

तीन उगम वेगळे ओळखता आले पाहिजेत, नाहीतर पुढचं सगळं मोजमाप चुकीच्या खात्यात जातं.

पहिला उगम झोतातला आयनीभूत वायू. त्यातले इलेक्ट्रॉन आयनांजवळून जाताना वळतात आणि लहरी सोडतात. हे औष्णिक उत्सर्जन. त्याची खूण अशी की वारंवारता वाढली की चमकही वाढते. सरळ पसरत जाणाऱ्या झोतासाठी चमक वारंवारतेच्या ०.६ घाताच्या प्रमाणात वाढते.

दुसरा उगम ताऱ्याचा स्वतःचा प्रभामंडळ. तिथल्या चुंबकीय क्षेत्रात वेगवान इलेक्ट्रॉन गिरक्या घेतात. सूर्यावरच्या ज्वाळेसारखाच हा प्रकार, फक्त कितीतरी पटींनी जोरदार. खूण: तासा-दोन तासांत होणारी चढउतार आणि वर्तुळाकार ध्रुवीभवन.

तिसरा उगम झोत भोवतालच्या वायूवर आदळतो तिथला धक्का. तिथे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळू लागतात आणि सिंक्रोट्रॉन उत्सर्जन होतं, जे कमी वारंवारतेला जास्त तेजस्वी असतं. डीजी टॉरी या ताऱ्याच्या झोतात याची चिन्हं २०१४ मध्ये आपल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३२५ आणि ६१० मेगाहर्ट्झच्या निरीक्षणांतून पुढे आली. सूर्याएवढ्या साध्या ताऱ्याच्या झोतातून असं काही निघावं, याचं महत्त्व मोठं आहे. आणि ते कळलं नारायणगावजवळच्या खोडदच्या दुर्बिणीमुळे, म्हणजे आपल्याच राज्यातून.

आता वेळेचा हिशेब. झोताचा वेग सेकंदाला ३०० किलोमीटर धरा. एक खगोलीय एकक, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, कापायला त्याला ५.८ दिवस लागतात आणि २० एककांना जवळपास चार महिने. सेंटिमीटर तरंगलांबीला झोताचा जो भाग चमकतो, तो साधारण याच मापाचा असतो. म्हणून औष्णिक झोत रात्रीत दुप्पट होऊ शकत नाही, त्याला महिने लागतात. दोन तासांत चमक दुप्पट झाली, तर कारण ताऱ्याजवळच शोधायचं किंवा तुमच्या डेटात. बहुतेक वेळा ते डेटातच सापडतं.

गच्चीवर अँटेना लावून होईल का?

हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा आकडेच पाहू. तीन मीटरची तबकडी, १०० केल्विनचा एकूण गोंगाट, एक मेगाहर्ट्झ पट्टा आणि एक तास निरीक्षण एवढं जमवलं, तरी गोंगाटाची पातळी एक जान्स्कीच्या (रेडिओ चमक मोजायचं एकक) आसपास राहते. आपल्याला मोजायचे आहेत एक मिलिजान्स्कीचे तारे, म्हणजे हजारपट मंद. गोंगाट वेळेच्या वर्गमुळाने घटतो, त्यामुळे हजारपट खाली यायला दहा लाख तास लागतील. एकशेचौदा वर्षं. शिवाय एवढ्या लहान तबकडीच्या नजरेत शेकडो रेडिओ दीर्घिका एकत्र मिसळलेल्या असतात. गच्चीवरची अँटेना आकाशगंगेतला हायड्रोजन पाहायला उत्तम, पण या कामाला मोठ्या दुर्बिणींचा साठवलेला डेटाच हवा. तो फुकट आहे आणि घरबसल्या मिळतो.

काय काय लागेल

संगणक: १६ जीबी मेमरी किमान, ३२ असेल तर निवांत काम होतं. एक-दोन टीबीची वेगळी डिस्क घ्या. उबुंटू लिनक्स चालेल, विंडोज असेल तर त्यातच डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) घालून काम भागतं. प्रणाली एकच शिकायची आहे, ती म्हणजे रेडिओ दुर्बिणींचा डेटा हाताळणारी ‘कासा’. पुढे अवतरणचिन्हांत येणारी ‘टीक्लीन’, ‘इम्फिट’सारखी बहुतेक नावं तिच्यातल्याच आज्ञांची. ती मोफत आहे. आलेख काढायला पायथन येत असेल तर बरं.

दोन गोष्टी सोलापूरसाठी मुद्दाम. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. प्रतिमा बनवण्याचं काम तासन्‌तास पूर्ण क्षमतेने चालतं, तेव्हा तापलेला लॅपटॉप स्वतःचा वेग कमी करतो आणि चार तासांच्या कामाला दहा तास लागतात. असली कामं रात्री लावा, लॅपटॉप खालून उंच ठेवा. दुसरं म्हणजे वीज. यूपीएस नसताना ‘टीक्लीन’ (प्रतिमा बनवणारी आज्ञा) चालू असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली प्रतिमा नंतर उघडतही नाही. म्हणून एकदम पन्नास हजार आवर्तनं देऊ नका, पाच-पाच हजारांच्या टप्प्यांत चालवा आणि प्रत्येक टप्प्यानंतर प्रत काढून ठेवा. मोठ्या फाइली उतरवताना लिनक्सच्या ‘डब्ल्यूगेट’ या आज्ञेला तुटलेलं डाउनलोड पुढे चालू ठेवण्याचा पर्याय द्या, नाहीतर नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून.

पहिला सराव: तयार प्रतिमांवर मोजणी

कच्च्या डेटाला लगेच हात घालू नका. आधी व्हीएलए स्काय सर्व्हेच्या तयार प्रतिमा घ्या. न्यू मेक्सिकोतल्या २७ अँटेनांच्या व्हीएलए दुर्बिणीने २०१७ पासून उणे ४० अंशांच्या उत्तरेचं सगळं आकाश २ ते ४ गिगाहर्ट्झमध्ये तीनदा टिपायला घेतलं, दोन फेऱ्यांत साधारण ३२ महिन्यांचं अंतर ठेवून. रेखीवपणा २.५ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला), एका फेरीतला गोंगाट ०.१२ ते ०.१५ मिलिजान्स्की.

लक्ष्य म्हणून टी टॉरीच घ्या. विषुवांश ४ तास २१ मिनिटं ५९.४ सेकंद, क्रांती अधिक १९ अंश ३२ कला ६ विकला. तो काही मिलिजान्स्की तेजस्वी आहे, म्हणजे गोंगाटाच्या बराच वर. एक गोष्ट लक्षात ठेवा: टी टॉरी एकटा नाही. उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे त्याचे दोन भाग सुमारे ०.७ विकलांच्या अंतरावर आहेत, आणि दक्षिणेचा भाग स्वतःच जोडतारा आहे. २.५ विकलांच्या प्रतिमेत हे सगळे एकाच ठिपक्यात मिसळतात. तुम्ही मोजाल ती सगळ्यांची बेरीज.

प्रत्येक फेरीतून ताऱ्याभोवतीचा एक अंश बाजूचा चौकोन उतरवा आणि पुढची कामं याच क्रमाने करा.

१. ताऱ्यापासून दोन-तीन कलांवरची रिकामी जागा निवडून तिथला गोंगाट मोजा. सर्वेक्षणाचा सरासरी आकडा वापरू नका, तुमच्या चौकोनातलाच वापरा.

२. ‘इम्फिट’ने ठिपक्यावर गाउस आकार बसवा. तारा बिंदूवत असल्याने शिखरमूल्य घ्या, एकूण मूल्य नको. मंद ताऱ्यांसाठी सगळ्यात उजळ पिक्सेल शोधून त्याचं मूल्य घेण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण गोंगाटाची उसळी नेहमी वरच्या बाजूने निवडली जाते आणि चमक फुगते. ज्ञात स्थानावर, दुर्बिणीच्या ठशाचा (बीमचा, म्हणजे बिंदूवत तारा प्रतिमेत जसा दिसतो त्याचा) आकार पक्का धरून मोजा.

३. त्याच चौकोनातले आठ-दहा साक्षीदार निवडा. २ ते २० मिलिजान्स्कीचे, बिंदूसारखे, एकटे, ताऱ्यापासून अर्ध्या अंशाच्या आतले ठिपके. हे बहुतेक दूरच्या दीर्घिका असतात, त्यांना वृषभातल्या ताऱ्यांशी काही देणंघेणं नसतं.

४. प्रत्येक साक्षीदाराच्या दुसऱ्या फेरीतल्या चमकेला पहिल्या फेरीतल्या चमकेने भागा.

हे साक्षीदार म्हणजे या सगळ्या कामाचा कणा. बाजारात एकदा एका तराजूवर आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तराजूवर माल तोलला, तर वजनातला फरक मालाचा की तराजूचा? तेच मोजमापाचं वजन दोन्ही तराजूंवर ठेवून पाहिल्याशिवाय कळत नाही. इथे कारणही खरं आहे: पहिल्या फेरीतल्या झटपट प्रतिमांमध्ये चमक सुमारे दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत कमी भरते, हे त्या सर्वेक्षणाच्या चमूने सांगितलेलंच आहे. साक्षीदार न घेणाऱ्याला आकाशातला प्रत्येक तारा उजळताना दिसेल.

कल्पित आकडे घेऊन बघू. नऊ साक्षीदारांची गुणोत्तरं ०.९३, ०.९५, ०.९६, ०.९७, ०.९८, ०.९९, १.००, १.०२ आणि १.३१ आली. मधलं मूल्य ०.९८. सरासरी काढली असती तर एकट्या १.३१ ने ती वर ओढली असती, म्हणून मध्यकच घ्यायचा. १.३१ वाला बहुधा सक्रिय केंद्राची दीर्घिका आहे, खरोखरच बदललेली. त्याला यादीतून काढा, पण नोंद ठेवा. उरलेल्यांचा पसारा सुमारे ३ टक्के, तीच तुमची खरी कॅलिब्रेशनची चूक. ताऱ्याची दुसऱ्या फेरीतली चमक ०.९८ ने भागली की दोन्ही फेऱ्या एका मापावर येतात.

पुढचा हिशेब मंद ताऱ्यावर करून बघा, डोळे उघडतात. पहिल्या फेरीत ०.८०, दुसरीत १.३० मिलिजान्स्की. साठ टक्क्यांहून जास्त वाढ! आता चूक काढा. गोंगाट ०.१३ आणि सावधपणे धरलेली १० टक्के कॅलिब्रेशनची चूक यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं की पहिल्या फेरीची चूक ०.१५ आणि दुसरीची ०.१८. दोन्ही मिळून ०.२४. फरक ०.५० भागिले ०.२४, उत्तर २.१. म्हणजे जेमतेम दोन चुकांएवढा फरक. हा तारा बदलला असं म्हणता येत नाही. किमान चार, शक्यतो पाच आल्याशिवाय ‘बदल’ हा शब्द लिहू नका.

दुसरा सराव: जीएमआरटीचा कच्चा डेटा

जीएमआरटीचे ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना पुण्याची एनसीआरए संस्था चालवते. चौदा अँटेना मध्यभागी, बाकीचे तीन भुजांवर, टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. जुनी निरीक्षणं ऑनलाइन संग्रहात आहेत. प्रस्तावकाची राखीव मुदत संपली की ती कोणीही नोंदणी करून घेऊ शकतो. आपल्या कामाला चौथा पट्टा, ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ, सर्वात सोयीचा: रेखीवपणा सुमारे ४.३ विकला, नजरेचा व्यास ३८ कला.

इतक्या खालच्या वारंवारतेला तारा दिसेल का? सूर्याएवढ्या तेजाच्या, १४० पार्सेकवरच्या (साधारण साडेचारशे प्रकाशवर्षांवरच्या) ताऱ्याच्या झोताची ३.६ सेंटिमीटरवरची अपेक्षित चमक ०.४ मिलिजान्स्की, दहा सूर्यांएवढ्या तेजाला १.६. औष्णिक झोत १० गिगाहर्ट्झला १ मिलिजान्स्की असेल, तर ०.६५ गिगाहर्ट्झला ०.१९ उरतो. चांगल्या निरीक्षणात गोंगाट ०.०२ ते ०.०३ मिलिजान्स्कीपर्यंत उतरतो, म्हणजे दिसेल, पण जेमतेम. अपेक्षेपेक्षा बराच जास्त तेजस्वी दिसला, तर उगम औष्णिक नाही हे लगेच कळतं. म्हणूनच ही दुर्बीण या विषयात मोलाची.

संग्रहातली फाइल एलटीए या जीएमआरटीच्या स्वतःच्या स्वरूपात असेल तर ‘लिस्टस्कॅन’ आणि ‘जीव्हीफिट्स’ चालवून फिट्स (खगोलशास्त्रातलं सर्वमान्य स्वरूप) बनवा आणि कासात आणा. काही तासांच्या रुंद पट्ट्याच्या निरीक्षणाला सहज काही दशक जीबी लागतात. कासाच्या प्रती धरून तिप्पट-चौपट जागा मोकळी ठेवा. मग:

खराब डेटा आधी काढा. बंद अँटेना, प्रत्येक स्कॅनची पहिली काही सेकंदं, पट्ट्याची दोन्ही टोकं, मोबाइल आणि इतर प्रक्षेपणांनी भरलेले चॅनेल. प्रत्येक फेरीआधी ‘फ्लॅगमॅनेजर’ने स्थिती जतन करा. नवखे इथे घाई करतात आणि पुढे आठ दिवस प्रतिमेतल्या पट्ट्यांशी झगडतात. एक खराब अँटेना २९ जोड्या बिघडवतो, त्यामुळे शंका आली तर तो अख्खा काढलेला परवडतो.

मापाचा स्रोत, म्हणजे ज्याची चमक आधीच माहीत आहे असा, ३सी४८, ३सी१४७ किंवा ३सी२८६ असेल. ‘सेटजाय’मध्ये पर्ली-बटलर २०१७ मापपट्टी द्या आणि तुलनेच्या सगळ्या निरीक्षणांना हीच द्या. मापपट्ट्या बदलल्याने येणारा काही टक्क्यांचा फरक खऱ्या बदलाचं सोंग घेतो. मग विलंब (डिले), पट्टा (बँडपास) आणि लाभ (गेन) या क्रमाने कॅलिब्रेशन करा. चॅनेल चार-पाच एकत्र करा, दहाच्या वर नको. त्याने कडेचे स्रोत पुसट होतात, आणि तुमचे साक्षीदार कडेलाच असतात.

प्रतिमेला पिक्सेल १ विकला, आकार किमान ४०९६ पिक्सेल. तारा मधे आहे म्हणून मधलाच तुकडा काढला, तर बाहेरच्या तेजस्वी स्रोतांच्या लाटा आत येऊन ताऱ्यावर चढतात. रुंद क्षेत्रासाठी डब्ल्यू-प्रोजेक्शन आणि वर्णपटाच्या दोन पदांचा पर्याय लावा. नंतर स्व-कॅलिब्रेशन, म्हणजे तयार झालेल्या प्रतिमेच्याच आधारे कॅलिब्रेशन सुधारणं: फक्त लहरींच्या कलेचं (फेजचं), तीन-चार फेऱ्या, आठ मिनिटांपासून दोन मिनिटांपर्यंत खाली येत. तीव्रतेचं स्व-कॅलिब्रेशन फार तर एकदा. ते आकाश स्थिर आहे असं गृहीत धरतं आणि मापपट्टीही सरकवू शकतं. ते केल्यावर साक्षीदार पुन्हा तपासा.

तासाभरातले बदल

तीन तासांच्या निरीक्षणाचे दहा-दहा मिनिटांचे अठरा तुकडे केले, तर प्रत्येकातला गोंगाट ४.२ पट वाढतो. त्यामुळे हे तेजस्वी ताऱ्यांनाच जमतं. आधी ताऱ्याशिवाय बाकी सगळ्या स्रोतांचं प्रारूप बनवा, ‘यूव्हीसब’ने ते वजा करा आणि मगच तुकड्यांच्या प्रतिमा काढा. एखाद्या मंद साक्षीदारालाही ताऱ्यासारखाच न वजा करता ठेवा. दोघं एकाच वेळी वरखाली झाले तर दोष वातावरणाचा. आपल्या अक्षांशावर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दिवसांत, सूर्यास्तानंतर आयनांबर खवळतं आणि कमी वारंवारतेच्या लहरींच्या कला (फेज) सैरभैर होतात.

झळक खरी वाटली तर वर्तुळाकार ध्रुवीभवन पाहा: उजव्या आणि डाव्या संदेशांतला फरक भागिले दोन. जीएमआरटीच्या चौथ्या पट्ट्यात ग्राहक वर्तुळाकार आहेत, त्यामुळे हे सरळ निघतं. पाचव्यात ते रेषीय आहेत, तिथे नवख्याने पडू नये. साक्षीदारांमध्येही दोन-तीन टक्के ध्रुवीभवन दिसलं, तर ती यंत्राची गळती. तारा वीस टक्के दाखवत असेल, तर प्रभामंडळातली ज्वाळा समजा, झोत नव्हे.

वेगवेगळ्या दुर्बिणींचे आकडे जुळवताना

सर्वाधिक चुका इथे होतात. व्हीएलएचे अँटेना साधारण सोळा महिन्यांच्या चक्रात जवळ-दूर हलवले जातात. दूर असताना झोताचा पसरलेला भाग प्रतिमेतून गळतो आणि तारा ‘मंद’ झालेला दिसतो. जुन्या ४५ विकलांच्या सर्वेक्षणात शेजारचा स्रोतही मिसळलेला असतो. उपाय एकच, दोन्ही डेटांतून सारख्याच अंतरांच्या अँटेना-जोड्या निवडायच्या आणि सारख्याच ठशाने प्रतिमा काढायची. वारंवारताही सारखी हवी. ३ आणि ६ गिगाहर्ट्झची चमक शेजारी ठेवली, तर ०.६ घाताने दीडपट फरक आपोआपच येतो.

बदल सिद्ध झाल्यावर वस्तुमान पडल्याच्या घटनेशी त्याचा मेळ बघा. एस२५५आयआर-निर्स३ या जड तरुण ताऱ्यावर २०१५ मध्ये वस्तुमानाचा लोंढा पडला, अवरक्तात तो लगेच भडकला. रेडिओत झोत वाढू लागला तो जुलै २०१६ नंतर, म्हणजे सुमारे वर्षभराने. म्हणून रेडिओ निरीक्षण एकदाच करून भागत नाही, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने किमान पाच-सहा वेळा करावं लागतं.

दृश्य प्रकाशाचं काम मात्र सोलापुरातूनच होतं. आठ इंची दुर्बीण, मोनोक्रोम कॅमेरा आणि व्ही फिल्टर एवढ्यावर टी टॉरीची प्रत शतांशाच्या अचूकतेने निघते. शहराच्या दिव्यांपासून दूर गेलात तर डीजी टॉरीचीही. तारीख, वैश्विक वेळ, तुलनेचे तारे आणि चूक लिहून ही मोजमापं आव्हसो (एएव्हीएसओ) या बदलत्या ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या अमेरिकी संघटनेच्या साठ्यात टाका. रेडिओ डेटा त्याच आठवड्याचा निघाला तर दोन्हींची किंमत वाढते.

स्वतःच्या निरीक्षणाची वेळ मागायची असेल, तर जीएमआरटीचे प्रस्ताव वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत घेतले जातात. वृषभासाठी जुलैची खेप धरा, कारण ऑक्टोबर ते मार्च ही रास रात्री वर असते. मे अखेरीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ मागू नका. पेरणीच्या तयारीत शेतकरी ज्या रोहिणी नक्षत्राची वाट बघतात, त्या पंधरवड्यात सूर्य टी टॉरीच्या शेजारीच उभा असतो आणि त्याच्या रेडिओ गोंगाटात अर्धा मिलिजान्स्की शोधून सापडत नाही.